हळदीच्या गाण्यासाठी बंद पाडलेली हळद

चहा घ्या, खारी घ्या, पण मी सांगत असताना हसायचं नाही. आधीच बजावून ठेवतो! या प्रकरणाचा मला आजही राग येतो. बापूंचा येतो, राजूचा येतो, त्या कॉम्प्युटरचा येतो, आणि सर्वात जास्त ज्याचा येतो त्याचं नाव शेवटी सांगेन.

त्या काळी मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकुनी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी बापूंच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. बापू मूळचे सटाण्याचे. कांद्याचा व्यापार आणि ऑर्केस्ट्रा, दोन्ही एकाच आवाजात हाकायचे. लग्न म्हणू नका, हळद म्हणू नका, गणपती म्हणू नका, जिथे मांडव तिथे बापू. आणि स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात लाल गिटार गळ्यात अडकवून, तोंड वाकडं करून जो उभा असायचा तो मी. गिटार वाजवताना तोंड वाकडं करावंच लागतं. त्याशिवाय तार वाकत नाही.

आणि मग आला तो कीबोर्ड!

त्या मेल्या पेटीने आमचा ऑर्केस्ट्रा आतून पोखरला हो. आधी बासरीवाला घरी गेला. मग अ‍ॅकॉर्डियनवाले काका गेले. मग ढोलकी! अहो, ढोलकीसुद्धा बटनातून यायला लागली! आमचा राजू, कीबोर्डवाला, अंगाने काडी, स्वभावाने गोड, दोन बोटांनी अख्खी जत्रा वाजवायचा. एक दिवस तालमीत त्याने सहज एक बटन दाबलं आणि त्यातून गिटार आली. माझी गिटार! मी शेजारी उभा असताना!

बापूंनी आधी कीबोर्डकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय ते समजलो.

तेव्हा बापू हळदीच्या गाण्यांची सीडी काढणार होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे देख भाऊ, तू स्टुडिओमा बसना की तार पिळत बसस. तू घरीच गिटार डायरेक्ट कॉम्प्युटरमा रेकॉर्ड करी ठेव. रविवारना सकाळे मी येसू. जीव शे, तर तू वाजाडशी. जीव नही, तर राजू."

म्हणजे कळलं ना? गिटारीच्या आवाजात जीव असेल तर माझी जागा राहणार, नसेल तर ती बटनाला जाणार. माझी जागा! ज्या जागेसाठी मी बोटांना घट्टे पाडून घेतले, लोकांच्या लग्नात उपाशी उभा राहिलो!

"बापू, असा जीव ओततो की राजू ते बटन उपटून फेकेल," मी म्हणालो. रागात मी फार छान बोलतो.

घरी कॉम्प्युटर होता. असेंबल केलेला. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो हॉलच्या कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या झाकणाखाली देवासारखा बसलेला असायचा. मी मेनरोडवरून गिटारीची जाड पिन बारीक करणारं कनेक्टर आणलं, वायरचं एक टोक गिटारीत घातलं आणि दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या गुलाबी खाचेत. त्या खाचेशेजारी माईकचं चित्र काढलेलं असतं. हे चित्र लक्षात ठेवा. माझं वाटोळं या चित्राने केलंय.

डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि वाजवलं. मी वाजवलं झ्यांऽऽव. ऐकू आलं टुंग.

टुंग! डब्याला रबरबँड लावून वाजवल्यासारखं! पुन्हा वाजवलं. टुंग. आवाज वाढवला तर मोठं टुंग. ना त्यात दम, ना गोलाई, ना काही. बापूंच्या भाषेत सांगायचं तर जीव नही शे.

आता एखादा शहाणा माणूस काय करेल? कुणाला तरी विचारेल. मी विचारत नसतो. मी चिडतो आणि मग मला आपोआप सुचतं.

मी पूर्वी एकदा एक स्टुडिओ बाहेरून पाहिला होता. भिंतींना गाद्या, दार हे एवढं जाड, आणि आत शिरताना तिथल्या माणसाने तोंडावर बोट ठेवलं होतं. बस्स! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टुडिओ म्हणजे काय? शांतता! आणि ते माईकचं चित्र काय सांगतंय? की कॉम्प्युटर ऐकतोय. सगळं ऐकतोय! वरच्यांचा खोकला, खालच्यांची स्कूटर, आमचा मिक्सर, सगळा कालवा त्या खाचेतून आत जातोय आणि माझ्या गिटारीचा जीव खातोय!

आता सांगा, पटण्यासारखं आहे की नाही? मला तर इतकं पटलं की मी त्याच दिवशी युद्ध पुकारलं.

पहिला हल्ला घरातच. बायको, सुषमा, मिक्सर लावत होती. मी बटन बंद केलं.

"अहो, चटणी वाटायचीये."

"पाट्यावर वाट!"

"पाटा कुठाय आपल्याकडे?"

"मग बिनचटणीचं खाऊ! इथे माझ्या जागेचा प्रश्न आहे आणि तुला चटणी सुचतेय?"

मग हॉलच्या खिडक्यांना गाद्या लावल्या. पंखा बंद केला, कारण पंखा कुरकुरतो. महिना मे! गाद्या लावलेल्या त्या खोलीत मी बनियनवर गिटार घेऊन बसलेला, घामाने तार छेडायची टिकली बोटांतून सटकतेय, आणि ऐकू काय येतंय? टुंग!

मी आणखी भडकलो. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना जाऊन सांगितलं, खोकला आवरा. ते बिचारे म्हणाले, "अरे, तो का माझं ऐकतो?" मी म्हटलं, "मग तोंडावर उशी धरून खोका!" रस्त्यावर मेथीवाली ओरडत होती. तिला म्हटलं, बाई, या बिल्डिंगखाली ओरडायचं नाही.

"वरडले नाय तर मेथी काय सोताहून जिना चढल का?" ती म्हणाली.

मी चिडून तिची सगळी मेथी विकत घेतली आणि तिला पुढच्या गल्लीत पाठवलं. सुषमाने त्या जुड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचे काही दिवस आम्ही मेथी खाल्ली. बिनचटणीची.

आणि तरीही टुंग! जितकं टुंग, तितका मला कालवा जास्त ऐकू यायचा. अख्खं इंदिरानगर माझ्या मुळावर उठलंय, असं मला मनापासून वाटायला लागलं.

असं करता करता शनिवार उजाडला. सकाळपासून लोडशेडिंग. वीज येणार दुपारी, तीही थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू दारात. म्हणजे जे काय करायचं ते त्याच दुपारी. आणि त्याच दुपारी आमच्या तळमजल्यावरच्या शिरसाठ काकांच्या पिंकीची हळद!

खाली मांडव. मांडवात बॅन्ड. जात्यावर हळद दळायला बायका बसलेल्या आणि गाणी अशी रंगलेली की आमच्या खिडकीतली गादी थरथरत होती. वीज आली तसा मी तडक खाली गेलो.

"काका, मला शांतता पाहिजे. वीज आहे तोवर."

"अरे, हळद आहे पोरीची!" शिरसाठ काका म्हणाले. माणूस इतका भला, की चिडायला आला की आधी चष्मा पुसतो.

"माहितेय. मलाही हळदीचंच गाणं वाजवायचंय."

"मग वाजव की इथे! मांडव कशाला घातलाय?"

"इथे नाही, वर. रेकॉर्डिंग आहे. काका, आज झालं नाही तर उद्या माझी गिटार सुटली. त्या राजूचं बटन माझ्या जागेवर उभं राहील."

बोलता बोलता माझा आवाज कापला. खरंच कापला, नाटक नव्हतं. काकांनी चष्मा पुसला आणि बॅन्डवाल्यांना हात केला. पण शिरसाठ काकूंनी मात्र जात्याचा खुंटा सोडला नाही.

"हळदीला शांतता? आणि आम्ही गाणी कशी म्हणायची?"

"मनातल्या मनात म्हणा!"

हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने. दळणाऱ्या बायकांना.

आणि कमाल बघा, त्यांनी ऐकलं! बॅन्डवाले वाद्यं मांडीवर ठेवून बसले. बायका पदर तोंडाला लावून जातं फिरवायला लागल्या. आजोबा उशी घेऊन जिन्यात बसले. पिंकी बिचारी पाटावर मान खाली घालून गप्प. सगळ्या बिल्डिंगमध्ये चिटपाखरू बोलत नव्हतं. मी वर जाऊन दार लावलं, हेडफोन घातले आणि सुरू केलं.

टुंग आलं, पण मी म्हटलं असू दे. आता शांतता मुरेल, मग येईल जीव. गाण्याच्या शेवटी माझा तो लांब वर चढत जाणारा तुकडा होता. तिथे पोचलो, तार वाकवली, तोंड वाकडं केलं...

आणि खालून टाहो फुटला!

साधासुधा नाही हो, काळजातून निघालेला. झालं होतं असं, की नवऱ्याकडची मंडळी इगतपुरीहून उष्टी हळद घेऊन आली. पुढे नवऱ्याची मावशी, हातात ताट. बघते तर मांडवात शुकशुकाट. बॅन्ड मुका. बायकांचे पदर तोंडाला. नवरीची मान खाली. जिन्यात एक म्हातारा उशीत तोंड खुपसून बसलेला. तिला दुसरं काय वाटणार?

"अगं बाई गंऽऽ! काय अभद्र घडलं गंऽऽ! कोण गेलं गंऽऽ!"

तिचं ऐकून तिच्याबरोबरच्या बायकांनी सूर धरला. आमच्या बिल्डिंगच्या दोघीतिघींना वाटलं, आपल्याला कळायचं राहिलं असेल, त्यांनीही धरला. बॅन्डवाल्याला काहीच कळेना, त्याने घाबरून ढोल बडवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गिटार वरच टाकून, हेडफोन मानेत, त्याची वायर मागून फरफटतेय, असा मी मांडवात उतरलो.

"कोण रडलं? आधी सांगा, कोण रडलं?"

"मी रडले," मावशी डोळे पुसत म्हणाली. "कोण गेलं हो, भाऊ?"

"माझी गिटार गेली! तुम्ही मारलीत! हळदीला रडतं का कुणी?"

"हळदीला गप्प बसतं का कुणी?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. इगतपुरीच्या पावसात वाढलेली बाई, ती काय माझ्या ओरडण्याने भिजणार?

"वर चला! सगळे चला! ऐकवतोच, तुमच्या रडण्याने काय वाटोळं केलंय ते!"

आणि वरात माझ्या घरात शिरली. काका, काकू, मावशी, पाटावरची पिंकी, आजोबा उशीसकट, बॅन्डवाला ढोलासकट. मी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला, पुरावा लावला आणि हाताची घडी घालून उभा राहिलो.

टुंग, टुंग, टुंग, टुंग.

"कुठाय माझं रडणं?" मावशीने विचारलं.

"येईल. थांबा जरा."

टुंग, टुंग. तो चढत जाणारा तुकडा आला. सगळ्यांनी माना पुढे केल्या. टुंग, टुंऽऽग. तुकडा संपला. मग नुसती शांतता. मी जिथे गिटार सोडून पळालो होतो, तिथून पुढे निव्वळ शांतता. ना टाहो, ना ढोल, ना माझं जिन्यातलं ओरडणं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग सुषमा पुढे आली. तिने वायर हातात धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेली.

"अहो, ही गिटारीतून निघते?"

"हो."

"ती थेट कॉम्प्युटरमध्ये जाते?"

"हो."

"मग मध्ये ऐकतंय कोण?"

मी त्या गुलाबी खाचेकडे बघितलं. तिच्यात माझीच पिन होती. माईकचं नुसतं चित्र होतं. माईक नव्हता! माईक कधीच नव्हता! दहा बॅन्ड शेजारी बसवून वाजवले असते तरी त्या वायरीत गिटारीशिवाय काही शिरणार नव्हतं.

"म्हणजे माझा मिक्सर..." सुषमा म्हणाली.

"आणि माझा खोकला..." उशीमागून आजोबा म्हणाले.

"आणि माझ्या पोरीची हळद..." काका चष्मा पुसायला लागले.

मला असा संताप आला, की काय सांगू! पण आता तो काढायचा कुणावर? मी कॉम्प्युटरवर काढला. "चित्र कशाला काढायचं मग? नसती चित्रं काढून लोकांना फसवतात!" कुणी ऐकून घेतलं नाही. सगळे हसत होते. मावशी तर आता हसून रडत होती.

शेवटी शिरसाठ काकू म्हणाल्या, "अरे, गणपतीत तू वाजवलंस तेव्हा तर आमची भांडी फळीवरून खाली येत होती. तो मोठा स्पीकरचा खोका कुठाय तुझा?"

खोका म्हणजे माझा अँप. तो पलंगाखाली होता. गणपतीच्या त्या भांड्यांवरूनच बिल्डिंगने माझ्याकडून वचन घेतलं होतं, की घरात लावणार नाही.

"लाव आज," काका म्हणाले. "मीच सांगतो, लाव!"

अँप बाहेर काढला. मांडवातला गाण्यांचा माईक वर आला, तो अँपसमोर स्टुलावर ठेवला आणि त्याची वायर गुलाबी खाचेत घातली. खिडक्यांच्या गाद्या काढल्या. मी तार छेडली आणि...

झ्यांऽऽव!

अहो, काय आवाज! अँपमधून सुटला, भिंतीवर आदळला, फरशीवरून परत आला आणि मग माईकमध्ये शिरला. खोलीची हवाच वाजत होती. इतके दिवस मी गिटारीला श्वासच घेऊ दिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत. खाली बॅन्डने ताल धरला, बायका मोकळ्या गळ्याने गायला लागल्या, आणि मी आयुष्यात वाजवलं नव्हतं असं वाजवत सुटलो. चढता तुकडा आला. तार वाकवली. तोंड वाकडं केलं. डोळे उघडले तर समोर मावशी! दोन्ही मुठीत ओली हळद! मघाच्या अपमानाचा सूड!

पहिली मूठ माझ्या गालाला. ठीक आहे, हळदच आहे. दुसरी मूठ निघाली ती थेट गिटारीवर.

मी बोंब ठोकली, "ओ मावशीऽऽ! गिटारीला नकोऽऽऽ!"

बोट मात्र तारेवरून हललं नाही. गाणं पुरं केलं. सीडी कशीबशी कॉम्प्युटरमधून बाहेर आली आणि दिवे गेले. पुन्हा वाजवायची सोयच राहिली नाही.

रविवारी बापू आले. सीडी गाडीत लावली. मी पिवळ्या गालाने शेजारी बसलो. बापू ऐकता ऐकता ताठ झाले. "जीव शे! भाऊ, आते जीव शे!" त्यांनी चढता तुकडा पुन्हा लावला. आणखी एकदा लावला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि सीडी घेऊन गेले. मी सुषमाला म्हटलं, लाव मिक्सर! वाट काय वाटायचंय ते!

पुढे बापूंची सीडी बाजारात आली. आणून लावली. गाणं सुरू. गिटार आली, एकदम स्वच्छ, गुळगुळीत. राजूचं बटन! मी ओळखणार नाही का? आणि तुकडा चढत चढत टोकाला पोचला, ताल थांबला, आणि आतून मी ओरडलो. "ओ मावशीऽऽ! गिटारीला नकोऽऽऽ!"

मी तडक फोन केला. "बापू! जीव आहे म्हणाला होतात ना?"

"शे ना. पण तुनी गिटारना मांगे अख्खं गाव गाई ऱ्हायनं! बॅन्ड काय, बायका काय! ते कसं वापरू? तू माईक लावा तव्हय जरा शांतता ठेवाले काय व्हयनं तुले?"

ऐकलंत? जेव्हा कुणी ऐकत नव्हतं तेव्हा मी हळद बंद पाडली, आणि जेव्हा माईक लावला तेव्हा खिडक्या उघडल्या!

"पण तुनं ओरडणं एक नंबर शे," बापू म्हणाले. "लोके येडा व्हई ऱ्हायनात."

"मग त्या ओरडण्यासाठी तरी मला स्टेजवर बोलवा!"

"काय गरज? राजूनी ते बटनवर बसाडी दिधं."

आता मला सांगा, सर्वात जास्त राग कुणाचा करू? शेवटी नाव सांगेन म्हणालो होतो ना, तर घ्या, माझाच! परवाच आमच्या भाचीची हळद होती. राजूच आला होता कीबोर्ड घेऊन. त्याने एक बटन दाबलं, मी ओरडलो, मांडव नाचला. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडलो. आणि मी स्वतः तिथे, पुरीभाजीचं ताट घेऊन, गप्प उभा! शेवटी राहवेना. तरातरा स्टेजपाशी गेलो आणि जीव खाऊन किंचाळलो, "बंद कर ते! बंद कर आधीऽऽ!"

राजूने लगेच हात थांबवला, माईक माझ्या तोंडासमोर धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "दादा, परत एकदा अस्संच ओरडा ना. शेजारचं बटन मोकळं आहे."